शिवणीवरचं नख

कल्याणात बिऱ्हाड शोधत मी सगुणाकाकूंच्या ओट्यावर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं.

"कशावरून?" काकू म्हणाल्या.

आपलं नाव आपलंच आहे हे सिद्ध करायची पाळी माझ्यावर त्याआधी कधी आली नव्हती. मी म्हटलं, मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहे, तिथला मुकादम मला ओळखतो. "मुकादम तुमच्यातलाच ना? मग तो तुमच्यासारखंच सांगणार," असं म्हणून काकूंनी मुकादमाचा निकाल लावला. मग त्यांनी माझ्या बायकोला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. ती बिचारी नवऱ्याचं नाव सरळ कसं घेणार? तेव्हा तिला उखाणा घ्यायला लावला. उखाण्यातलं नाव आणि मी सांगितलेलं नाव एकच निघालं, तेव्हा कुठे खोली मिळाली. पुढे बरीच वर्षं आम्ही त्यांचे भाडेकरू होतो, पण काकूंनी मला नावानं हाक कधी मारली नाही. "अहो रेल्वे" म्हणायच्या. माझ्या नावाबद्दल त्यांची पुरती खात्री झाली नसावी.

काकू सोनाराच्या घरच्या आणि सोनाराच्याच घरात दिलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्या खोलीचं भाडं आणि मण्यांच्या पोती ओवून मिळेल ते, यावर त्यांचं चाले. संशय हा त्यांच्या घरचा धंदाच होता म्हणा ना. "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं लोक उगाच म्हणत नाहीत," हे त्या स्वतःच सांगायच्या. "आमची माणसं आईच्या नथीतसुद्धा हीण घालतील. मग तुमच्या गवळ्यानं दुधात पाणी घातलं तर नवल काय?"

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. जाड, पिवळट, शिंगासारखं कडक. ती त्यांची कसोटी. दुधाचा थेंब त्या नखावर घ्यायचा. ओघळला की गवळ्याची हजेरी. कल्हईवाला भांडी देऊन गेला की प्रत्येक भांड्याच्या बुडाला नख. हळकुंडाला नख, नारळाच्या शेंडीला नख, नव्या लुगड्याच्या काठाला नख. माणसांना नख लावता येत नसे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी रीत होती. एकच प्रश्न सकाळी विचारायचा आणि तोच संध्याकाळी पुन्हा विचारायचा. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक. "सकाळी तुमचे मामा भिवंडीला होते ना?" असं काकूंनी विचारलं की आमची ही घाबरून जाई. मामा खरोखर भिवंडीला असले तरी.

आमच्या आगगाडीवरही त्यांचा विश्वास नव्हता. मी एकदा कौतुकानं सांगितलं की गाडी आज अगदी वेळेवर आली. काकू मणी ओवता ओवता म्हणाल्या, "कशावरून? गाडी येते त्यालाच तुम्ही वेळ म्हणत असाल."

या सगळ्या संशयाच्या मुळाशी मात्र एक खरी काळजी होती, आणि ती अंगणात उभी होती. ते शिवणीचं झाड.

काकूंचं घर आणि त्यांच्या धाकट्या दिराचं, तात्यांचं घर एकमेकांना लागून. अंगण एकच होतं, ते सासऱ्यांनी वाटणीत मधोमध तोडलं. विहीर गेली तात्यांच्या बाजूला. खाडी जवळ असल्यामुळे आमच्या आळीतल्या बहुतेक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होत. गोड पाणी त्या एकाच विहिरीला. मग थोरल्याच्या घरानं पाणी कुठून आणायचं? सासरे चार वडीलधाऱ्या माणसांसमोर म्हणाले, जोवर हद्दीवरची ही शिवण जिती आहे, तोवर दोन्ही घरांना विहीर सारखीच. बाकीची माणसं अशा वेळी चंद्र-सूर्य असेपर्यंत म्हणतात. पण म्हातारा पडला सोनार. चंद्र-सूर्याइतका लांबचा वायदा त्याच्या जिभेवर येईना.

तेव्हा ती शिवण तरणी होती, तीन पिढ्या हलणार नाही अशी. पण शिवणीची एक खोड आहे. माघ लागला की ती पानं टाकायला लागते आणि फाल्गुनात नुसता सांगाडा उरतो. पिवळी फुलं येईपर्यंत ती जिती की मेली हे लांबून कुणालाही सांगता येत नाही. म्हणजे दर वर्षी दीडदोन महिने काकूंचं पाणी त्या उघड्या फांद्यांवर लटकलेलं असायचं. विहीर गेली तर तळं. तळं लांब, वाटेत चढ, आणि काकूंचा डावा गुडघा ओटा उतरतानासुद्धा कुरकुर करायचा.

म्हणून फाल्गुनात रोज सकाळी काकू झाडाशी. आधी इकडेतिकडे बघायचं. मग एक बारीक डहाळी वाकवायची. लवली की जीव आहे, कट्‌कन मोडली की नाही. मग खोडाला, वरच्या सालीला नख. राखी साल निघाली आणि खाली ओलसर हिरवं दिसलं की काकू मोठ्यानं म्हणायच्या, "हिरवी आहे!" हे झाडाला सांगायचं नसे, पलीकडच्या घराला सांगायचं असे. मग त्या ओरखड्यावर चिमूटभर ओली माती लिंपायची. एवढं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा नख लावायचंच, कारण काल हिरवी होती म्हणून आज आहे कशावरून?

त्यांना भीती होती हिंगाची. झाडाला भोक पाडून आत हिंग भरला की झाड उभ्या उभ्या मरतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. काकूंची ती समजूत नव्हती, खात्री होती. आणि हिंग भरणार कोण, तर जाऊबाई, मथुराबाई. एका फाल्गुनात शिवण जरा जास्तच वाळकी दिसायला लागली, तेव्हा काकूंनी तपास सुरू केला. विहिरीवर मथुराबाईंच्या बांगड्या बघायच्या निमित्तानं हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. हिंग! मग शेजारच्या कासारणीचा हात. हिंग! संध्याकाळी आमच्या हिचा नंबर लागला.

"दाखव हात."

"काकू, आत्ताच आमटीला फोडणी दिलीय."

"सगळ्या तेच म्हणतात."

"मग तुमचा दाखवा," ही म्हणाली. ती तोवर काकूंना जरा सरावली होती.

काकूंनी स्वतःचा हात हुंगला आणि विचारात पडल्या. त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या आमटीत हिंग नव्हता. आपल्यावर तरी संशय नको, असं त्यांचं म्हणणं.

तात्यांबद्दल सांगायला हवं. काकूंच्या जगात तेवढा एकच माणूस असा होता की ज्याच्या शब्दाला अख्खं कल्याण नख लावत नसे. कुणाच्या दागिन्याबद्दल शंका आली की लोक तात्यांच्या दुकानात जात. तात्या कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढत, डोळे बारीक करत, आणि खरं किंवा खोटं एवढंच म्हणत. विषय तिथे संपे. स्वतःच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांनी आणलेल्या पाटल्यांत हीण आहे, हे त्यांनी भर मांडवात सांगितलं होतं. व्याही रागावले, मथुराबाई रडल्या, तात्यांनी शब्द फिरवला नाही. "सोन्याची भीड धरली की सोनार संपला," म्हणायचे. काकू त्यांच्याशी डोक्यावरचा पदर सारखा करून, मोजकंच बोलत. विश्वास मात्र त्यांच्यावरही नव्हता. "कसाला खरे असतील," म्हणायच्या, "पण विहिरीला?"

मग ते वर्ष आलं. फाल्गुन संपला, पाडवा झाला, आणि शिवणीवर एक फूल दिसेना. तात्यांचा मुलगा विष्णू आता कर्ता झाला होता. त्याला हद्दीवर भिंत घालून मागं भट्टीची खोली वाढवायची होती. वाईट नव्हता तो, पण घाईचा होता. झाड मेलंय असं तो उघड म्हणायला लागला, आणि त्यानं जातीतल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावणं पाठवलं.

ते यायच्या आदल्या दिवशी काकू झाडापाशी गेल्या, ते आम्ही दोघांनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी डहाळी वाकवली. ती मोडली. नख लावलं. जरा खाली लावलं. मग बसून, गुडघा धरून, अगदी मुळाशी लावलं. "हिरवी आहे" असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. काकू आत आल्या तेव्हा त्यांच्या नखात कोरडा तपकिरी भुगा होता. आमच्या हिच्याजवळ त्या हळूच म्हणाल्या, "मेली गं." पुढं म्हणाल्या, "हिंगच." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मला त्या बाईची इतकी दया कधीच आली नव्हती. शिवण वाळवीनं मेली की म्हातारपणानं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी चौघे आले. अंगणात सतरंजी पडली. काकू आपल्या दाराच्या आड उभ्या होत्या, मी ओट्यावर होतो. विष्णूनं वाळकी डहाळी मोडून सगळ्यांना दाखवली. एक म्हातारे म्हणाले, "डहाळीचं काय, वरची वाळतेच. खोड बघा." दुसरे म्हणाले, "आपण कशाला बघा? तात्या बसलाय ना इथं. त्याच्याहून बारीक नजर कुणाची?"

तात्या उठले. खिशातून सुरी काढली, खोडाला एक बारीक ओरखडा काढला आणि वाकून पाहिलं. डोळे बारीक केले. दुकानात करत तसेच. मग अंगठा त्या ओरखड्यावर ठेवला आणि म्हणाले, "हिरवी आहे."

विष्णू पुढं झाला. "बाबा, बघू."

"मी लावलेला कस तू पुन्हा लावणार?" तात्या म्हणाले. अंगठा काढला नाही.

विष्णू थांबला. चौघांनी माना डोलावल्या, उशिरा फुटते कधी कधी, असं कुणीतरी म्हणालं, आणि पानसुपारी झाली. सगळे गेल्यावर तात्यांनी पायाजवळची ओली माती उचलली आणि त्या ओरखड्यावर लिंपली. काकू करत अगदी तशी.

दुसरी कुणी असती तर तिनं देवाला नारळ फोडला असता. काकू आत येऊन धप्पकन बसल्या आणि म्हणाल्या, "का म्हणाले असतील?"

तिथून त्यांचं खरं दुखणं सुरू झालं. तात्या खोटं बोलले हे कळायला नख लागत नव्हतं. पण कशासाठी? आपलं घर हवं असेल. घर नको असेल तर मिंधं करून ठेवायचं असेल. तेही नसेल तर पाण्यातच काहीतरी असणार! म्हणून विहिरीवरून घागर आली की पहिला तांब्या मला. "प्या, रेल्वे, उन्हातून आलात." मी प्यायचो. थोडा वेळ माझ्याकडे बघून, मी धडधाकट आहे अशी खात्री करून, मग त्या प्यायच्या. प्रयोगाच्या उंदराला इतक्या आपुलकीनं कुणी पाणी दिलं नसेल. मी पुढं पुढं तांब्या संपला की मुद्दाम जरा डोळे मिटून बसायचो, आणि काकू घागर लांब सरकवायच्या.

पावसाळ्याच्या तोंडावर तात्या गुळवेलीचं एक कांड घेऊन झाडाशी आले आणि बेचक्यात अडकवायला लागले. काकू लगेच बाहेर.

"भावोजी, काय करताय?"

"गुळवेल लावतोय. तापावर बरी."

"कुणाला ताप आलाय?"

"येईल कुणाला तरी," तात्या म्हणाले आणि कांड सुतळीनं बांधून निघून गेले.

गुळवेलीला माती लागत नाही, बेचक्यात ठेवली तरी मुळ्या सोडते. श्रावणापर्यंत ती वरपर्यंत चढली. तिची पानं आणि शिवणीची पानं, दोन्ही पिंपळपानासारखीच, बदामी. रस्त्यावरून बघणाऱ्याला शिवण पुन्हा फुटली असंच वाटे. उन्हाळ्यात गुळवेलही पानं टाकते, त्यामुळे तिथंही सोंग उघडं पडलं नाही. जवळ जाऊन बघायचं म्हटलं तर बापानं लावलेल्या कसावर बोट ठेवायची त्या घरात रीत नव्हती. अशी ती मेलेली शिवण कितीतरी वर्षं जितेपणानं उभी राहिली. काकू फाल्गुनात रोज सकाळी जायच्या, कोरड्या सालीला नख लावायच्या आणि पलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "हिरवी आहे!" तात्या त्यांच्या ओट्यावर दात घासत असायचे. ते तिकडं बघायचेसुद्धा नाहीत.

मग असाच एक श्रावण आला आणि एका सकाळी तात्या गेले. झोपेतून उठून बसले आणि कलंडले, एवढंच. आठवडाभर पावसानं उघडीप दिली नव्हती. वखारीतली लाकडं भिजून काळी पडली होती. माणसं ओट्यावर ताटकळली होती आणि कुजबुज चालली होती की सरण पेट धरणार नाही. विष्णू भिंतीला टेकून उभा होता, लहान पोरासारखा. अशा माणसाची अर्धी जळलेली चिता राहिली तर काय, हीच धास्ती सगळ्यांच्या तोंडावर होती.

काकू पदर खोचून पावसात उतरल्या. सरळ शिवणीपाशी गेल्या आणि हिसडून हिसडून गुळवेल ओढायला लागल्या.

"विष्णू, कुऱ्हाड आण."

"काकू, जितं झाड कसं..."

"जितं कुठलं?" काकू म्हणाल्या. "वाळून खडखडीत झालंय आतून. वरचं भिजलंय तेवढंच. फोड, म्हणजे दिसेल."

चौघांतले दोघे म्हातारे अजून हयात होते आणि ओट्यावरच होते. एकजण म्हणाला, "पण तात्यानं तर आमच्यासमोर..."

"सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं." काकूंच्या केसांवरून पाणी गळत होतं. "आदल्या दिवशी मीच नख लावून पाहिलं होतं. तेव्हाच मेलेली होती. आता तोडा, त्यांना उशीर होतोय."

हे म्हणताना आपण विहीर हातची घालवतोय हे त्या बाईला कळत नव्हतं असं नाही. तिच्याइतकं ते कुणालाच कळत नव्हतं. विष्णूनं कुऱ्हाड आणली. पहिला घाव बसला आणि आतून कोरडी पांढुरकी ढलपी उडाली. शिवण तोडली, फोडली, ताडपत्रीखाली झाकून नेली. चिता नीट पेटली, असं मी घरी येऊन सांगितलं. काकूंनी एकदाच विचारलं, "नीट? पूर्ण?" संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं.

सुतक फिटल्यावर काकू घागर घेऊन तळ्याकडं निघाल्या. विष्णू आडवा आला.

"काकू, विहिरीवर या."

"का?"

"पाणी भरायला."

"झाड गेलं ना?"

"गेलं."

"मग? तुला काय हवंय?"

विष्णूनं घागर हातातून काढून घेतली आणि स्वतः भरून आणून दिली. पुढच्याच आठवड्यात तो टिटवाळ्याच्या जंगलातून एक रोप घेऊन आला आणि जुन्या बुंध्याशेजारी लावलं. काकू ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या.

"शिवणच आहे कशावरून?"

"वाढल्यावर कळेल, काकू."

त्या रात्री पोत ओवताना त्या आमच्या हिला म्हणाल्या, "खोटं बोलले हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं गं. त्यात त्यांचा फायदा काय, ते मात्र सापडलं नाही. किती शोधला." बोलता बोलता त्यांनी मणी खाली ठेवला. "नव्हताच गं." आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. दिराच्या मरणाच्या दिवशी रडल्या नव्हत्या, तेवढं सगळं तेव्हा रडल्या.

पुढं फाल्गुनात माझी बदली इगतपुरीला झाली. निघायच्या दिवशी सकाळी सामान टांग्यात चढवून मी काकूंचा निरोप घ्यायला गेलो. घरात नव्हत्या. अंगणात, त्या रोपापाशी वाकल्या होत्या. पानं गळून त्याची नुसती काठी राहिली होती, करंगळीएवढी. शेजारी पाण्याचा तांब्या. उजवा अंगठा त्यांनी पुढं केला होता आणि नख सालीपर्यंत पोचलं होतं.

पलीकडच्या ओट्यावर विष्णू दात घासत होता. तिथूनच तो ओरडला, "काकू, हिरवी आहे! मी पाहिलीय."

काकूंनी मान वर केली. मी मनात म्हटलं, आता येणार, कशावरून. त्या विष्णूकडं बघत राहिल्या. ओठ हललेसुद्धा.

"बरं," त्या म्हणाल्या.

अंगठा त्यांनी मागं घेतला आणि तांब्यातलं पाणी रोपाच्या मुळाशी ओतलं.